सरकारने हात आखडला की देश श्रीमंत होतो? कोरिया तसं सांगत नाही

‘सरकार जितका कमी खर्च करेल तितका देश लवकर श्रीमंत होतो. कोरिया बघा, आणि उधळपट्टीने बुडालेली श्रीलंका बघा,’ अशा आशयाचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. त्यातले दावे एकेक करून पाहू.

‘श्रीमंत देशांत सरकारचा खर्च कमी असतो.’ साफ चूक. फ्रान्समध्ये तो जीडीपीच्या निम्म्याहून जास्त आहे. भारतात केंद्र आणि राज्यं मिळून ३० टक्क्यांच्या आसपास. उद्योग आणि शहरं वाढली की शाळा, दवाखाने, पेन्शन यांची मागणी वाढते आणि सरकारचा वाटाही वाढतो, हे जर्मन अर्थतज्ज्ञ अडॉल्फ वॅग्नर यांनी एकोणिसाव्या शतकातच मांडलं होतं.

‘कोरिया फक्त बाजाराच्या जोरावर वर आला.’ दक्षिण कोरियाचं अंदाजपत्रक फार मोठं नव्हतं, एवढं खरं. पण पैसा कुठे जाणार, हे सरकारच ठरवत होतं. लष्करशहा पार्क चुंग-ही यांच्या राजवटीने १९६१ मध्ये बँका ताब्यात घेतल्या. १९६८ मध्ये पोहांगच्या पोलाद कंपनीची स्थापना झाली. जागतिक बँकेच्या मते तो प्रकल्प परवडणारा नव्हता. सरकारने जपानशी संबंध पूर्ववत करणाऱ्या १९६५ च्या करारातून मिळालेला पैसा त्यात घातला आणि १९७३ मध्ये उत्पादन सुरू झालं. पुढे जहाजबांधणी आणि मोटार उद्योग याच पोलादावर उभे राहिले. सोल ते बुसान हा ४२८ किलोमीटरचा महामार्गही १९७० मध्ये सरकारनेच पूर्ण केला. गरीब देशात पोलादाला गिऱ्हाईक नसतं, कारण कारखाने नसतात. आणि कारखाने नसतात, कारण पोलाद नसतं. ही कोंडी फोडायची जोखीम तिथला एकटा खासगी उद्योजक कशाच्या बळावर घेणार होता?

‘गरिबांवरचा खर्च पाण्यात जातो.’ हे महाराष्ट्रात तरी कुणी म्हणू नये. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं सरकारी कामांवर जगली. पाझर तलाव, बांधबंदिस्ती, रस्ते झाले आणि मजुरीचा पैसा गावातच धान्यावर खर्च झाला. सगळी कामं टिकली नाहीत, काही निकृष्टच होती. पण माणसं वाचली, आणि त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला.

‘श्रीलंका खर्चामुळे बुडाली.’ हंबनटोटाजवळच्या मत्तल विमानतळासारखी रिकामी राहिलेली बांधकामं समर्थनीय नाहीतच. पण या मजकुरात करकपातीचा उल्लेखच नाही. २०१९ च्या अखेरीस तिथे व्हॅट १५ वरून थेट ८ टक्क्यांवर आणला गेला. महसूल कोसळला, कोविडमध्ये पर्यटन थांबलं, आणि एप्रिल २०२२ मध्ये परदेशी कर्जाची परतफेड थांबवावी लागली. जपानच्या सरकारवर तर जीडीपीच्या दुपटीहून जास्त कर्ज आहे. पण ते येनमध्ये, आणि बहुतेक देशातल्याच मध्यवर्ती बँकेचं, इतर बँकांचं आणि विमा कंपन्यांचं. श्रीलंकेला डॉलर फेडायचे होते, आणि तिजोरीत डॉलर उरले नव्हते.