लांब मानेचा बँजो घेताय? घ्याच!

बँजो म्हटल्यावर डोळ्यांसमोर मिरवणुकीतली बँजो पार्टी आली असेल, तर ती बाजूला करा. ते बटणांचं वाद्य जपानी ताईशोगोतोच्या घराण्यातलं. आपण बोलतोय अमेरिकेतल्या पाच तारांच्या बँजोबद्दल, आणि तोही जुना, लांब दांडीचा. दांडीवरच्या २२ पडद्यांत, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्यांत, भागणारी माणसं वेगळी. तुम्हाला २५ च हवेत.

१९४० च्या दशकात अमेरिकन लोकगायक पीट सीगर यांना खालच्या पट्टीत गायचं होतं, म्हणून त्यांनी दांडी तीन पडद्यांनी वाढवून घेतली. मोकळ्या तारा, हार्मोनियमच्या भाषेत, पांढरी पाचवरून पांढरी तीनवर उतरल्या. पुढे व्हेगा कंपनीने तसे बँजो विकायला काढले आणि लोकसंगीताच्या लाटेत पोरासोरांनी ते गळ्यात अडकवले. तुमचा आवाज कुठल्या पट्टीत लागतो, हा प्रश्न इथे गैरलागू आहे.

वाद्य घरी आलं की पहिलं काम, तिसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, आवळा. कारण बाकीची मंडळी पांढरी पाचलाच वाजवतात आणि तुम्हालाही त्यांच्यातच बसायचंय. जादा तीन पडद्यांचे पैसे मोजायचे आणि ते चिमट्याखाली बंद ठेवायचे. पाहुण्यांसाठीच्या कपबश्या नाही का शोकेसमध्येच राहत? रबरावर तारांचे वळ उठले तरी कॅपो काढू नका.

राहिली पाचवी तार. तिची खुंटी पार आठव्या पडद्यापाशी, कॅपो तिथवर पोहोचत नाही. चौघी वर चढतात, ही रुसलेल्या आत्यासारखी खालीच. उपाय आहे. खेळण्यातल्या आगगाडीचे रूळ ठोकायचे चिमुकले खिळे मिळतात, ते पडद्यांमागे साठ वर्षांच्या जुन्या लाकडात ठोकायचे आणि तार त्यांच्याखाली अडकवायची. (ही थट्टा नाही, खरंच तसं करतात.)

दुसऱ्या टोकाकडेही बघा. क्लॉहॅमर पद्धतीने, म्हणजे नखाने तारेवर खाली फटका मारत, वाजवणाऱ्यांचा हात बरेचदा बँजोच्या ताणलेल्या कातड्यावर न पडता दांडीच्या शेवटावर पडतो आणि बोटं पडद्यांना अडतात. म्हणून कित्येक जण शेवटचे पडदे उपटून तिथलं लाकूड खोलगट तासून घेतात. तुम्हीही घ्या. वरचे तीन बंद, खालचे पाच-सहा गायब. सांगताना मात्र २५ च सांगायचे.

नेहमीच्या पेटीत हे धूड मावत नाही, तेव्हा मूळ पेटीच शोधा. बिजागरी गंजलेली मिळाली तर नशीब. आणि कुणी वाजवून दाखवा म्हणालंच, तर शांतपणे म्हणायचं, "थांबा, जरा सुरात लावतो." पाचवीपाशी या. पाहुण्यांची शेवटची गाडी निघेपर्यंत ती काही लागत नाही.