फ्रीजरमधला कवी

दहा डॉलरच्या चार नोटा मोजून मी पॅटरसन या कवीचं ते पुस्तक घेतलं. चारही नोटांवर त्याच कवीचा चेहरा आहे, हे घरी येईपर्यंत लक्षात आलं नाही. चार पॅटरसन देऊन एक पॅटरसन आणला!

मेलबर्नमध्ये शनिवारी सकाळी लोक आपापली अडगळ अंगणात मांडून बसतात. मी निघालो होतो कुंड्या आणायला. आणलं काय, तर बँजो पॅटरसनचा ‘द मॅन फ्रॉम स्नोई रिव्हर’ हा कवितासंग्रह. विकणाऱ्या आजीबाई हळूच म्हणाल्या, “अर्ली एडिशन आहे हां!” झालं, माझ्या डोळ्यांसमोर लिलाव सुरू.

इथे शहराबाहेरच्या सगळ्या रानाला ‘बुश’ म्हणतात आणि हा बुशचा लाडका कवी. प्रत्यक्षात सिडनीतला वकील! टोपणनाव तरी कुठून घ्यावं? आपल्याकडे कुसुमचा मोठा भाऊ म्हणून कुसुमाग्रज झाले. याने ‘बँजो’ हे घरच्या घोड्याचं नाव उचललं. हेन्री लॉसन या दुसऱ्या कवीने १८९२मध्ये ‘बुलेटिन’ साप्ताहिकात त्याला कवितेतूनच झापलं, की बुशमध्ये धूळ, माश्या आणि दुष्काळ आहे, तुझं ते गोग्गोड चित्र पुरे. पॅटरसननेही कवितेतच उत्तर दिलं. हे भांडण दोघांनी आधी ठरवून केलं होतं म्हणे, छापायला जास्त जागा आणि जास्त पैसे मिळावेत म्हणून. मला मात्र पॅटरसन जवळचा वाटतो. डोंबिवलीच्या ब्लॉकमध्ये बसून कोकणच्या आठवणींनी व्याकूळ होणारा माझा मामेभाऊ अगदी असाच आहे.

घरी येऊन पुस्तक उघडलं. आत शाईने लिहिलेलं, ‘लाडक्या भाच्यास, नाताळ १९०३’. मी गहिवरणार, एवढ्यात बांधणीतून एक चंदेरी कसर सुळकन निघाली आणि कादंबरीकार रॉल्फ बोल्ड्रवुडच्या प्रस्तावनेत शिरली. मी ती प्रस्तावना वाचणार नव्हतो. निदान कोणीतरी वाचतंय म्हणून बरं वाटलं.

बायकोला बरं वाटलं नाही. “हे माझ्या साड्यांच्या आसपास दिसलं ना, तर पुस्तक आणि तू, दोघंही गॅरेजमध्ये!”

उपाय सापडला : पुस्तक पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे फ्रीजरमध्ये. मग वितळेपर्यंत पिशवी उघडायची नाही. त्यामुळे हा थोर कवी आमच्याकडे मटार आणि नारळाचा चव यांच्या मधोमध झोपला. रविवारी मंडळाचे लोक जेवायला आले. बर्फ आणायला गेलेला मित्र आतून ओरडला, “वहिनी, ही कसली वडी? फारच कडक झालीय!” बायको शांतपणे म्हणाली, “ती त्याची वडी आहे. चाळीस डॉलरची.”

पंधराव्या दिवशी ती वडी घेऊन मी जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने पहिलं पान उघडलं आणि वर्षाखालच्या ओळीवर बोट ठेवलं. ‘पस्तिसावे सहस्र’ अशा अर्थाचं काहीतरी तिथे छापलं होतं. मी आजवर ते मोठ्या अभिमानाने वाचत होतो. पुस्तकाची महती असेल, असं वाटलेलं. अर्थ असा, की माझ्या प्रतीआधी चौतीस हजार प्रती खपल्या होत्या. पहिली आवृत्ती ऑक्टोबर १८९५ची. आठवड्यात संपली, सहा महिन्यांत चार आवृत्त्या निघाल्या. कवितासंग्रहाच्या! आमच्या ओळखीच्या एका कवीच्या पाचशे प्रती अजून त्यांच्या पलंगाखाली आहेत आणि पाहुणा वाकला की एक सही करून मिळते. पुस्तकाला जिचं नाव दिलंय, त्या कवितेत पळून गेलेलं शिंगरू हजार पौंडांचं आहे. माझ्या पुस्तकाच्या किमतीत त्याची शेपूटही येईना.

घरी आल्यावर बायकोने पर्समधून दहाची नोट काढली. “अरे, याच कवितेच्या ओळी या नोटेवर छापल्यात. बारीक अक्षरात. लेकीला शाळेत सांगितलं. मग चाळीस कशाला घातलेस?”

खरंच होतं. चेहऱ्याच्या आसपास मुंगीच्या पावलांएवढ्या ओळी. डोळे फोडून पाहिलं, काही लागेना. मग जिद्दीने जाऊन भिंग आणलं. वीस डॉलर पडले.

आता भिंग आहे. पण ते घेताना घरातल्या दहाच्या शेवटच्या दोन नोटा गेल्या.