नम लॉकचा दिवा

४२५०.५० हा तसा गरीब आकडा, पण नम लॉक, म्हणजे उजवीकडच्या बटणांनी आकडे उमटवायचे का कर्सर हलवायचा ते ठरवणारं बटण, बंद असताना कीबोर्डच्या उजव्या बाजूच्या बटणांवरनं तो एक्सेलमध्ये टाईप करून बघा एकदा. ४ दाबला की कर्सर एक घर डावीकडं, २ दाबला की एक घर खाली, ५ काहीच करत नाही, ० म्हणजे इन्सर्ट, तोही गप्प, आणि मग येतो पॉइंट, तो मात्र डिलीट! म्हणजे सव्वाचार हजार आणि पन्नास पैसे ज्याच्या नावावर चढायचे त्याच्या नावावर काहीच चढलं नाही, वर त्याच्या खालच्या ओळीतल्या शेतकऱ्याच्या गुळाचं वजन साफ. त्या बिचाऱ्याचा काय संबंध होता का?

मी कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाच्या एका पेढीवर दिवाणजी आहे. दिवाळीच्या पाडव्याला मुहूर्ताचा सौदा निघाला की पुढं काही महिने मान वर करायला सवड नसते, गाड्या येतात, गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, उतरतात, वजनं होतात, बोली होते आणि मग सगळा लोंढा आमच्या टेबलावर, पट्टी, म्हणजे शेतकऱ्याचा हिशेब, करा, हमाली धरा, आगाऊ उचल वळती करा, आणि समोर माणूस उभाच, "दिवाणजी आटपा की, गाडी जाईल माझी." अशा वेळी आम्ही स्क्रीनकडं बघत नाही, नजर कागदावर आणि बोटं आकड्यांवर, आणि वर कोपऱ्यातला तो मोहरीएवढा हिरवा दिवा लागलाय का विझलाय ते बघायला तिसरा डोळा लागतो, तो अजून फुटलेला नाही.

पण खरा तमाशा सकाळी. पेढी मालक उघडतात, अंबाबाईचं दर्शन घेऊन येतात, लक्ष्मीच्या फोटोला उदबत्ती, मग कॉम्प्युटरला पण एक उदबत्ती, आणि आकड्यांचा पासवर्ड टाकायला बसतात. मालक जुन्या वळणाचे, वरच्या ओळीतले आकडे त्यांना आकडे वाटतच नाहीत, कॅल्क्युलेटरसारखी उजवीकडची बटणं तेवढी खरी. नम लॉक बंद, त्यामुळं पासवर्डच्या चौकटीत एक टिंब उमटत नाही. मग जरा जोरात. मग आणखी जोरात. मी चपला काढतोय तोवर आतनं आवाज, "दिवाणजी, हे पासवर्ड घेईना झालंय, कुणी हॅक केलंय का बघा!" मी जातो, बटण दाबतो, दिवा लागतो. यात माझी लई मोठी विद्या आहे असं हमालांचं मत आहे आणि मी ते खोडून काढत नाही.

पासवर्ड टाकताना कॅप्स लॉक चालू राहिला तर विंडोज लगेच सांगतं, बाबा कॅप्स लॉक चालू आहे. नम लॉकबद्दल मात्र तोंडातनं शब्द नाही. हा दुजाभाव का?

बरं हे बटण आलंच कशाला? १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला तेव्हा त्याच्या कीबोर्डवर ८३ बटणं होती आणि बाणांना वेगळी जागाच नव्हती, म्हणून आकडे आणि बाण एकाच घरात राहायचे आणि आत्ता कोण आहे ते नम लॉक ठरवायचं. त्यावर दिवा सुद्धा नव्हता, तो १९८४ च्या एटी मॉडेलवर आला. पुढं बाणांना वेगळी बटणं मिळाली, भांडण मिटलं, वाटणी झाली. पण पंच काही घरी गेले नाहीत, अजून बसलेत.

आणि हे सुरुवातीलाच बंद का असतं, याचं उत्तर भाचीच्या जुन्या छोट्या लॅपटॉपवर मिळालं. त्याला आकड्यांची वेगळी बटणं नाहीत, नम लॉक लागलं की मधली अक्षरंच आकडे होतात, जे, के, एल म्हणजे १, २, ३ आणि यू, आय, ओ म्हणजे ४, ५, ६. इंग्रजीत कोल्हापूर टाईप करायला घेतलं तर सुरुवातच २६३ नं! म्हणजे तिला ते बंद पाहिजे, मला चालू पाहिजे, आणि करणाऱ्यानं तिची बाजू घेतली.

शेवटी मालकांनी राजारामपुरीतला कॉम्प्युटरवाला पोरगा बोलवला. तो आला, चहा घेतला, आणि म्हणाला, "काका, एका तालमीत तीन वस्ताद झाल्यात, म्हणून घोळ हाय."

पहिला वस्ताद बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी जागा होणारा मशीनचा आतला प्रोग्रॅम. मशीन चालू होताना डिलीट नाहीतर एफ टू दाबून आत गेलं की नम लॉक चालू ठेवायचं का असं विचारलेलं असतं. त्यानं चालू केलं, दिवा लागला, मालकांनी हात जोडले, तेवढ्यात विंडोज आलं आणि विझवून मोकळं. हा दुसरा वस्ताद. याचा हुकूम रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या खतावणीत, लिहिलेला असतो, त्या नोंदीचं नाव इनिशियल कीबोर्ड इंडिकेटर्स. कॅप्स लॉकचा १, नम लॉकचा २, स्क्रोल लॉकचे ४, जे पाहिजे त्याची बेरीज करून लिहायची, काहीच नको तर शून्य. हिशेब मला पटला. पण आमच्या मशीनवर तिथं आकडा होता २१४७४८३६४८. मालक खुर्चीतनं अर्धे उठले, दोनशे चौदा कोटी! "ह्यात आता दोन मिळवायचे," पोरगा म्हणाला. ते सुद्धा दोन ठिकाणी, मालकांच्या खात्यात वेगळे आणि डीफॉल्ट नावाच्या, लॉगिनच्या आधी चालणाऱ्या खात्यात वेगळे. दोनशे चौदा कोटीत दोन मिळवल्यानं दिवा लागतो, हे जीएसटीपेक्षा अवघड आहे बघा.

तरी दुसऱ्या दिवशी दिवा बंद. रीस्टार्ट केलं की चालू, शटडाऊन करून सकाळी उघडलं की बंद. तिसरा वस्ताद म्हणजे फास्ट स्टार्टअप, हा विंडोज आठ पासून आलाय. आपण शटडाऊन म्हणतो तेव्हा कॉम्प्युटर पुरता मरतच नाही, आतला बराचसा कारभार डिस्कवर उतरवून ठेवतो आणि सकाळी तोच उचलतो, म्हणून तुमचा नवा हुकूम वाचायची त्याला गरजच वाटत नाही. रीस्टार्टला मात्र पहिल्यापासनं सगळं. पोरानं पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ते बंद केलं, आता मशीन उघडायला जरा वेळ लागतो पण दिवा लागतो. लागलेला येतो. मी स्वतः बघितलं.

पुढच्या सकाळी मी यार्डात शिरतोय तर लांबनंच आवाज, "दिवाणजी! पासवर्ड घेईना!" पळत गेलो. दिवा बंद. पोराला फोन लावला, तो वैतागला, गाडी काढून आला, म्हणाला, "मालक, काय दाबलं?"

"काय दाबलं म्हणजे? दिवाणजी रोज दाबत्यात तेच की. म्हटलं रोज त्यांना कशाला त्रास, आज मीच दाबलं."

"मालक, आता ते आपोआप लागतंय. तुम्ही दाबलं की बंद होतंय."

मालकांनी जरा विचार केला. "मग असं कर, तुझे ते दोन परत काढून घे. दाबायची सवय लागल्या आता मला."