फुलली म्हणजे वाया गेली?

आज सकाळी खाली उतरले तर सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यातला माझा वाफा साफ! लेट्यूस, रुकोला (सॅलडची एक पालेभाजी), शेपू, कोथिंबीर, सगळं मुळासकट उपटून कचऱ्याच्या पिवळ्या गाडीत रवाना. माळीभैय्याला विचारलं तर म्हणे, "मैडम, कमेटी ने बोला था, जंगल हो गया है."

जंगल! कंबरेएवढं लेट्यूस, वर इवली पिवळी फुलं, म्हणजे जंगल. आणि पुढचं ते लॉन, जिथे मधमाशी चुकूनही फिरकत नाही, ती बाग.

आपलं इंदूर 2017 मध्ये स्वच्छतेत देशात पहिलं आलं तेव्हा पेढे मीही वाटले होते. पण देवगुराडियाच्या प्लांटमध्ये रोज 550 टन ओल्या कचऱ्याचा गॅस करायची सोय आहे म्हणतात. त्यांचं माझ्या वाफ्यावाचून काय अडलं होतं?

आमच्या रामबागेतल्या जुन्या घरी आत्याला बघायला पाहुणे यायचे होते. चैत्र लागलेला. आजोबांनी अंगण आवरायला काढलं. आजीनं सगळं आवरू दिलं, फक्त धणे-शेपूचा वाफा सोडून. अर्धा वाळलेला, आडवा पडलेला, बघवत नव्हता म्हणे. आजोबा विळा घेऊन आले तर ती म्हणाली, "पाहुणे मुलगी बघायला येताहेत, वाफा नाही."

तुम्हा बागकामवाल्या मंडळींना हे सांगायला नको, पण कमिटीतलं कुणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी. होळीनंतर ऊन चढलं, दिवस मोठा झाला की लेट्यूस दांडा वर काढतं. तो मोडला तर पांढरा चीक येतो, पानं कडूजहर. खाण्यालायक राहत नाहीत, मान्य. पण त्याचं खरं काम तिथून पुढे असतं! फुलं सकाळी काही तासच उघडतात, मग मिटतात, आणि दोन-तीन आठवड्यांत प्रत्येक फुलाच्या जागी कापसाचा तुरा. बी एकदम पिकत नाही, म्हणून दिवसाआड कागदी पिशवीत तुरे झटकायचे. एका झाडाचं बी अख्ख्या बिल्डिंगला पुरून उरेल.

रुकोलाची फुलं तर खातातसुद्धा. पांढुरकी, तपकिरी शिरांची, चवीला पानांसारखीच तिखटसर. राजस्थानात ज्याचं तेल काढतात तो तारामीरा म्हणजे हाच. त्याला बी धरायला मधमाशी लागते, आणि ती लॉनवर येत नाही, हे वर सांगितलंच. शेपूच्या छत्र्यांवर ते ठिपक्यांचे लाल किडे येतात, मावा फस्त करतात. आमची कमिटी गुलाबावरच्या माव्यासाठी औषध फवारते. फवारा! आणि मुळा फुलूच दिला नाही तर डिंगऱ्या, म्हणजे त्याच्या शेंगा, खाणार कुठून? त्या काय कारखान्यात होतात?

हायब्रिड बियाणं असेल तर पुढची रोपं तशीच निघतील असं नाही. ठीक आहे. पण साध्या कोथिंबिरीला काय झालंय?

तर ते पाहुणे. मुलाच्या आईचं लक्ष मुलीपेक्षा वाफ्याकडेच. चहा-पोहे झाल्यावर बाईंनी वाळलेले धणे मागून घेतले. आजीनं पुडी बांधून दिली, वर सांगितलं की पेरण्याआधी फरशीवर जुन्या चपलेनं रगडा, दोन फाका झाल्या पाहिजेत. लग्न काही जमलं नाही. पण पुढच्या थंडीत देवासहून पत्र आलं, कोथिंबीर छान आली म्हणून. आत्या अजून हसते. आजी मात्र ते पत्र आल्यागेल्याला वाचून दाखवायची.

माळीभैय्यावर माझा राग नाही. त्याच्या गावी प्रत्येक घरी बियाण्याची मडकी असतील, त्याला मी काय शिकवणार. संध्याकाळी तोच म्हणाला, "मैडम, मुझे भी बुरा लगा." राग त्यांच्यावर आहे जे पंधराशे रुपये किलोचं मायक्रोग्रीन, म्हणजे भाज्यांची इवली कोवळी रोपं, मागवतात आणि फुललेल्या भाजीला कचरा म्हणतात. अध्यक्षांनी सुचवलंय, "वहिनी, कुंडीत लावा ना." कुंडीत लावेनच, पण तो कोपरा मी का सोडू? रविवारच्या मीटिंगसाठी विषय ग्रुपवर टाकलाय. त्यावर एक अंगठा आलाय, होकाराचा की 'वाचलं' म्हणून, कोण जाणे.

गच्चीतला रुकोला वाचलाय. एप्रिलात शेंगा वाळतील. ज्यांना बी हवं त्यांनी कागदी पाकीट घेऊन या, प्लॅस्टिकच्या पिशवीत मी देणार नाही, बुरशी धरते.