यंत्रविनोदाच्या संग्राहकांस चार हिताच्या गोष्टी

जुन्या मासिकांतील यंत्रांवरची व अभियंत्यांवरची व्यंगचित्रे जमवण्याचा छंद आपणांस जडला असेल, तर सर्वप्रथम ती पाहून हसण्याची सवय सोडावी. रद्दीच्या दुकानात पान उलटताना ओठ जरासे जरी हलले, तरी इतका वेळ किलोने जाणारा गठ्ठा दुकानदार काट्यावरून उतरवतो आणि ‘सायेब, हे अँटिक हाय की’ म्हणत एकेका अंकाचा भाव सांगू लागतो.

1920 साली नांगरांच्या कारखान्यातून निघालेल्या ‘किर्लोस्कर खबर’सारख्या मासिकाचा अंक हाती लागलाच, तर तो वाचण्यात वेळ दवडू नये, संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते, एवढे पाहुण्यांना सांगता आले की पुरे. ‘आवाज’ या विनोदी दिवाळी अंकातील खिडकीचित्र (म्हणजे पानालाच चौकोनी खिडकी कापलेले चित्र) मात्र कात्रीने अवश्य कापून घ्यावे. खिडकीतून दिसणारा विनोदाचा उरलेला अर्धा भाग मागच्या पानावर असतो आणि ते पान रद्दीतच राहते, त्यामुळे पुढे आयुष्यभर त्या चौकोनातून आपल्याला आपलेच टेबल दिसत राहते. (माझ्याकडे अशी तीन टेबले आहेत.)

जतनासाठी पानावर चिकटपट्टी लावावी, जुनी गंजकी पिन तशीच ठेवावी आणि गठ्ठा पत्र्याखालच्या माळ्यावर टाकावा. सोलापूरचा मे महिना चाळिशी ओलांडून त्या आम्लयुक्त कागदाचा असा पापड करतो, की पान उलटण्याचे कष्टच उरत नाहीत.

एक चित्र मात्र चौकटीत घालून दिवाणखान्यात लावावे: अमेरिकन व्यंगचित्रकार रूब गोल्डबर्ग यांचे 1931 सालचे, सूपाचा चमचा उचलताच दोरी, पोपट, अग्निबाण आणि विळा यांच्या साहाय्याने हनुवटी पुसून देणारे यंत्र. हे गृहस्थ 1904 साली अभियंता होऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या पाणी व सांडपाणी खात्यात काही महिने नोकरीला होते, हेही पाहुण्यांना सविस्तर समजावून सांगावे. आपण पोपटापर्यंत पोहोचतो न पोहोचतो, तोच गच्चीवर प्लास्टिकचा डबा पाण्याने तरंगून वर येतो, त्याला बांधलेली सुतळी सैल पडते, तिच्या दुसऱ्या टोकाची वीट खाली येऊन पितळी ताटावर आदळते आणि चार दिवसांनी नळाला पाणी आल्याची वर्दी मिळताच घरातील सर्वजण, पाहुण्यांसह, घागरी घेऊन धावत सुटतात.