बेळगावचं होमरूल, बेलफास्टचं होमरूल

गेल्या महिन्यात भावानं बेळगावच्या खडेबाजारातल्या आमच्या दुकानाच्या नव्या पाटीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. वर मोठ्या अक्षरांत कन्नड, उरलेल्या जागेत मराठी आणि इंग्रजी. पाट्यांवर ६० टक्के कन्नड हवं असा कायदा कर्नाटकात २०२४ मध्ये झाला, त्यामुळे पाटी बदलणं भाग होतं. पुण्याच्या आत्तेभावानं लगेच विचारलं, ‘‘असं मुकाट्यानं कसं केलंत?’’ भावानं लिहिलं, ‘‘तू ये आणि दुकान चालव.’’ आण्णा काहीच बोलले नाहीत. बेळगाव कर्नाटकात गेल्याच्या निषेधाची, १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाची सायकल फेरी त्यांनी माझ्या आठवणीत एकदाही चुकवलेली नाही.

मी सहा वर्षांपासून उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. पाटीवरून माणसं का दुखावतात, हे इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दीड तासावरच्या एका शहराचं कायद्यातलं नाव लंडनडेरी, आणि तिथल्या बहुसंख्य लोकांच्या तोंडी डेरी. रस्त्यावरच्या फलकांवर ‘लंडन’ तेवढं रंग फासून मिटवलेलं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आमच्याकडच्या डांबर फासलेल्या पाट्याच आठवल्या. गेरी अँडरसन नावाच्या तिथल्या रेडिओ निवेदकानं दोन नावांमधली तिरकी रेघ घेऊन शहराचं नावच ‘स्ट्रोक सिटी’ करून टाकलं होतं. २०१४ मध्ये बेळगावचं बेळगावी झालं, पण आम्हाला अशी मधली रेघ कुणी दिली नाही.

इथले शब्द आधी सांगते. युनियनिस्ट म्हणजे ब्रिटनसोबत राहू इच्छिणारे, बहुतेक प्रोटेस्टंट. नॅशनॅलिस्ट म्हणजे अखंड आयर्लंड हवं असणारे, बहुतेक कॅथलिक. त्यांच्यातला सिन फेन या पक्षाचा, अधिक आग्रही प्रवाह रिपब्लिकन. मराठी कानाला रिपब्लिकन म्हटलं की निळा झेंडा आणि बाबासाहेब आठवतात. इथं त्या शब्दामागे १९१६ चा डब्लिनमधला उठाव आहे आणि पुढे आयआरए या सशस्त्र संघटनेच्या बंदुका आहेत. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९८ पर्यंत दोन्हीकडच्या सशस्त्र टोळ्यांच्या आणि सैन्याच्या हातून मिळून साडेतीन हजारांहून अधिक माणसं मेली. सीमाभागातही १९५६ आणि १९८६ मध्ये आंदोलनात माणसं गेली, आणि त्यांची आठवण आमच्या घरात दरवर्षी होते. पण आमच्याकडे शेजाऱ्यानं शेजाऱ्यावर बॉम्ब टाकला नाही, आणि सीमा इकडची तिकडे झाली तरी देश बदलणार नाही. हा फरक लहान नाही. तो धरूनच पुढचं लिहिते आहे.

माझ्या बसच्या वाटेवर बेलफास्टचा सिटी हॉल लागतो. १९०६ पासून तिथं ब्रिटिश झेंडा रोज फडकत असे. डिसेंबर २०१२ मध्ये नगरसेवकांनी ठरवलं की तो वर्षातून जास्तीत जास्त १८ ठरावीक दिवशीच लावायचा. नॅशनॅलिस्टांना तो अजिबात नको होता, युनियनिस्टांना रोज हवा होता. १८ दिवसांचा मार्ग सुचवला तो दोन्हींपैकी कुठल्याच गटात न बसणाऱ्या अलायन्स पक्षानं, आणि हल्ले झाले ते त्याच पक्षाच्या कार्यालयांवर. कित्येक महिने रस्ते अडवले गेले. डिसेंबर २०२० मध्ये बेळगावच्या महापालिकेसमोर कन्नडचा लाल-पिवळा झेंडा लागला, तेव्हा आण्णांचा फोनवरचा आवाज मला सिटी हॉलसमोर ओरडणाऱ्या माणसांची आठवण देऊन गेला. त्यांना हे सांगायला मला दोन वर्षं लागली.

पण ज्या गोष्टीनं मला खरं हलवलं ती वेगळीच. शाळेत आम्ही अभिमानानं शिकलो की लोकमान्यांनी होमरूल लीग स्थापन केली ती एप्रिल १९१६ मध्ये, आमच्या बेळगावात. त्याच महिन्यात, २४ तारखेला, डब्लिनमध्ये उठाव सुरू झाला. होमरूल हा शब्दच मुळी आयर्लंडचा. आमच्या पुस्तकात त्याला एकच अर्थ होता: स्वराज्य. इथं आल्यावर माझ्या वॉर्डातल्या एका वयस्क नर्सनं सहज सांगितलं की तिच्या पणजीनं होमरूलच्या विरोधात सही केली होती. २८ सप्टेंबर १९१२ ला, याच सिटी हॉलमध्ये युनियनिस्ट पुढारी एडवर्ड कार्सन यांनी पहिली सही केली आणि उत्तरेतल्या अल्स्टर प्रांतभर पुरुषांची प्रतिज्ञा आणि बायकांचं वेगळं घोषणापत्र मिळून साडेचार लाखांच्या वर सह्या झाल्या. होमरूल म्हणजे डब्लिनचं राज्य, आणि डब्लिनचं राज्य म्हणजे पोपचं राज्य, ही त्यांची भीती. मी म्हटलं, ‘‘आमच्या गावात हा शब्द स्वातंत्र्याचा होता.’’ ती म्हणाली, ‘‘आमच्या घरात तो घर जाण्याचा होता.’’ ज्या शब्दावर मी वाढले त्याला घाबरून कुणी रात्रभर जागलं असेल, हे माझ्या मनात तोवर कधी आलं नव्हतं.

तेव्हापासून मी हिंसा थांबवणारा १९९८ चा गुड फ्रायडे करार नव्यानं वाचू लागले. त्यानं एक गुंता सोडवला जो आपण अजून धरून बसलो आहोत. जमीन कुणाची आणि माणूस कोण, हे दोन प्रश्न त्यानं वेगळे केले. उत्तर आयर्लंडमधल्या माणसाला स्वतःला आयरिश म्हणवायचा, ब्रिटिश म्हणवायचा किंवा दोन्ही म्हणवायचा जन्मसिद्ध हक्क आहे, आणि उद्या सीमा पुसली गेली तरी तो हक्क तसाच राहील. दुसरं, सीमा बदलायची तर तिथल्या बहुमतानं, सार्वमतानं, हे लिहून ठेवलं. आणि तिसरं मला सगळ्यांत अवघड वाटतं: दक्षिणेतल्या स्वतंत्र आयर्लंडच्या लोकांनी आपल्या घटनेतला अखंड बेटावरचा दावा मतदान करून काढला. तिथं ९४ टक्के मतं कराराच्या बाजूनं पडली, उत्तरेत ७१ टक्के. स्वप्न कुणी सोडलं नाही, दावा तेवढा सोडला.

हे सगळं सुरळीत चाललं असं मुळीच नाही. दोन मोठ्या गटांनी मिळूनच सरकार चालवायचं असल्यानं एक उठून गेला की विधानसभाच बंद पडते. २०१७ ते २०२० आणि पुन्हा २०२२ ते २०२४ अशी ती बंद होती. गुडघा बदलून घ्यायला वर्षानुवर्षं थांबलेली माणसं मी रोज तपासते; निर्णय घ्यायला मंत्रीच नसतील तर त्यांची रांग कशी हलणार? शिवाय प्रत्येक आमदारानं सभागृहात युनियनिस्ट, नॅशनॅलिस्ट किंवा ‘इतर’ अशी नोंद करायची. आम्ही ‘इतर’मध्येही पुरते बसत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये स्थलांतरितांविरुद्ध बेलफास्टमध्ये जमाव निघाला तेव्हा ब्रिटिश झेंडा आणि आयरिश तिरंगा शेजारी शेजारी होते. परदेशी लोकांची दुकानं जाळली गेली. त्या आठवड्यात मी कामावर टॅक्सीनं जात होते.

तरीही मूळ प्रश्न मला इथल्या रिपब्लिकनांनाही विचारावासा वाटतो आणि आमच्या महाराष्ट्र एकीकरण समितीलाही. फेब्रुवारी २०२४ पासून मिशेल ओनील या इथल्या पहिल्या नॅशनॅलिस्ट फर्स्ट मिनिस्टर आहेत, आणि सिन फेनला २०३० पर्यंत सार्वमत हवं आहे. पण युनियनिस्टांच्या १२ जुलैच्या मिरवणुकांचं काय, झेंडा कुठला, माझ्या त्या नर्सनं कुणाच्या राज्यात म्हातारं व्हायचं, याचं ठोस उत्तर तिला मिळालेलं नाही. आणि तिचे पुढारी बोलायलाच बसत नाहीत, कारण बसलं म्हणजे अर्धं मान्य केलं असं त्यांना वाटतं. तेही चूकच आहे. पण बदल ज्याला हवा आहे, समोरच्याची जागा आधी त्यानं सांगायला हवी, असं माझं ठाम मत झालं आहे.

महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही विधिमंडळांनी एकमेकांविरुद्ध ठराव केले; आपल्या ठरावात ८६५ गावं होती. समितीचा २०१८ आणि २०२३ मध्ये कर्नाटक विधानसभेत एकही आमदार आला नाही, म्हणून प्रश्न संपला असं मी म्हणणार नाही. मराठी माणसाला कागदपत्रं त्याच्या भाषेत मिळावीत, ही मागणी न्यायाची आहे आणि ती निकालासाठी थांबायला नको. पण बेळगाव उद्या आलंच, तर तिथल्या कन्नड माणसाला आपण काय देणार, हे आपल्या कुठल्या सभेत मी ऐकलेलं नाही.

मग मी ग्रुपवर न लिहिता आण्णांनाच फोन केला. विचारलं, ‘‘बेळगाव महाराष्ट्रात आलं, तर समोरच्या अक्कांच्या नातवंडांनी कुठल्या भाषेत शिकायचं?’’

‘‘कन्नडमध्येच की,’’ ते पटकन म्हणाले. ‘‘त्यांची भाषा आहे ती. आम्ही काय त्यांच्यावर मराठी लादणार आहोत?’’

‘‘हे आपण त्यांना कधी सांगितलंय?’’

बराच वेळ टीव्हीचा आवाज तेवढा येत होता. मग म्हणाले, ‘‘रविवारी समितीची बैठक आहे. मी विचारतो.’’