उलाढाल पाचशे कोटी, वय वर्षे पाच

आमच्या घरी संध्याकाळी सातपासून साडेदहापर्यंत टीव्हीचा ताबा आईकडे असतो, आणि बैठकीची व जेवणाची खोली एकच असल्यामुळे ज्याला जेवायचे आहे त्याला मालिका पाहावीच लागते. उपाशी राहून सुटका होईल की काय, याचाही मी विचार केला होता. परंतु सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घराच्या भिंती पातळ आहेत आणि आईला ऐकू कमी येते.

उभी नोकरी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात गेल्यामुळे समोरचा माणूस कोणत्या थरातला आणि त्याची पत किती, हे जोखण्याची खोड मला जडलेली आहे. मालिकेत थर सगळे आहेत. श्रीमंतांच्या घरात गोल जिना असतो, मध्यमवर्गीयांच्या दारात तुळस असते आणि गरिबाच्या घरात गळणारे छप्पर असून पडदे मात्र नवे असतात. फरक एवढ्यावरच संपतो. जिना काढून घेतला आणि पडदे झाकून टाकले तर उद्योगपती कोणता आणि त्याचा ड्रायव्हर कोणता हे ओळखता येणार नाही, कारण दोघांचेही मानसिक वय पाच वर्षांच्या पुढे सरकलेले नाही आणि सारे जग आपल्याच नाकासमोर सुरू होते याविषयी दोघांच्याही मनात तिळमात्र शंका नाही. राज्यघटनेतली समता प्रत्यक्षात कोठे आली असेल तर ती इथे.

उद्योगपतींचेच पाहा. पाचशे कोटींची उलाढाल असलेल्या या गृहस्थांच्या कारखान्यात नेमके काय तयार होते, हे आजवर कोणालाही कळलेले नाही. आमच्या मार्केट यार्डात हळदीचा अडत्या दिवसभर माल, भाव आणि वजन याखेरीज दुसरे बोलत नाही. हे मात्र भर बैठकीत, धाकट्या सुनेने खिरीची पहिली वाटी आपल्याला न देता दिराला का दिली, या प्रश्नावर बाहेरगावचे पाहुणे ताटकळत ठेवतात. परवा याच रुसव्यात त्यांनी सारी इस्टेट एका कोऱ्या कागदावर सही करून नायिकेच्या नावे लिहून दिली. मला राहवले नाही. स्थावर मालमत्तेच्या बक्षीसपत्राला किमान दोन साक्षीदार लागतात, दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करावी लागते, त्याशिवाय त्या कागदाला भेळ बांधण्यापलीकडे किंमत नाही, असे मी भाकरीचा घास हातात धरूनच सांगितले. ‘‘तुला काय करायचंय? त्यांचं ते बघतील,’’ आई म्हणाली.

नायिका मध्यमवर्गीय आहे आणि ती त्याग करते. या त्यागाइतका आत्मकेंद्री प्रकार मी पाहिलेला नाही. ती नवऱ्याला विचारत नाही, बापाला कळवत नाही. आपले लग्न, बापाचे घर आणि धाकट्या बहिणीची फी परस्पर त्यागून टाकते आणि मग देवासमोर उभी राहून ‘‘मलाच का?’’ असे विचारते. देव बिचारा उत्तर देणार काय, त्यालाही कोणी विचारलेले नसते.

गरीब तरी समंजस असतील, ही माझी आशा मोलकरणीने धुळीस मिळवली. दुधात कोणी काय कालवले हे तिने पडद्याआडून पाहिले आहे; पण मालकिणीने दिवाळीला दिलेल्या साडीचा रंग न आवडल्यामुळे ती ते सांगत नाही. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी जाता जाता दारात उभ्या राहून हे पाहत होत्या. ‘‘दादा, ही बाई दिसभर पडद्यामागंच हुबी ऱ्हाती, मग भांडी कवा घासती?’’ एवढे विचारून त्या पुढच्या घरच्या पोळ्या लाटायला निघून गेल्या. अख्ख्या मालिकेवर याहून नेमकी समीक्षा मी ऐकलेली नाही.

वाहिन्यांना नियमाप्रमाणे ताशी बारा मिनिटांपेक्षा अधिक जाहिराती दाखवता येत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. जाहिरातीतली माणसे विमा उतरवतात, मुलांच्या शिक्षणाचा विचार करतात, एकमेकांना प्रश्न विचारतात आणि उत्तर मिळाल्यावर शांत होतात. मालिकेत हे परवडण्यासारखे नाही. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात, आणि एखादे पात्र जरी दोन मिनिटे शहाण्यासारखे बोलले तरी गैरसमज मिटून गुरुवारच्या आत मालिका संपेल. कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ४० फुटांवर गेले की इशारा आणि ४५ फुटांवर गेले की धोका, पण चढलेले पाणी केव्हा तरी उतरते. इथला रुसवा मात्र धोक्याच्या पातळीवर महिनोन्महिने मुक्काम ठोकून असतो.

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये आमच्या या गावातच मराठी नाटकाची मुहूर्तमेढ रोवली, तेव्हाच्या नाटकांतले राक्षस ‘अलल्लडुर्र’ अशी आरोळी ठोकून रंगभूमीवर येत. त्यात एक प्रामाणिकपणा होता. राक्षस आल्याचे शेवटच्या रांगेलाही समजे आणि तो बऱ्यापैकी लवकर मरे. आमच्या मालिकेतली आत्याबाई मात्र ढगांच्या गडगडाटात एकच भुवई तीनदा उचलते आणि मरणाचे नावही घेत नाही.

येत्या रविवारी दोन तासांचा महाएपिसोड आहे आणि नेमके त्याच दिवशी मिरजेचे मामा यायचे होते. त्यांना दुपारीच जेवायला घालून सहाच्या बसने परत पाठवायचे, असे आईने परस्पर ठरवले आणि फोन करून तसे कळवलेही. सख्ख्या भावाला असे कसे सांगतेस, असे मी म्हणणार होतो. पण मामा बिलकूल रागावले नाहीत, उलट सहाऐवजी साडेपाचची बस आहे का, असे त्यांनीच विचारले, कारण सातच्या आत त्यांनाही घर गाठायचे होते.